बाबाचं काळडोह-दर्शन

डब्लिनच्या टोकाला, ओंगारच्या आमच्या घरात रविवार बेसनाच्या वासानं सुरू व्हायचा. आई पातोड्या करायची. बेसन घट्ट शिजवून थाळीवर थापायचं, वड्या पाडायच्या आणि नागपुरी पद्धतीच्या झणझणीत रश्श्यात सोडायच्या. रस्सा इतका तिखट की एक्झॉस्ट फॅन लावूनही शेजारची नोरा मागच्या अंगणातून आईला ओरडून सांगायची, "मृणाल, माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय गं!" खाली दाराशी बाबा बुटांच्या नाड्या बांधता बांधता फोनवर मोठमोठ्यानं बोलायचा. "हो हो, तुम्ही स्टेशनावर या, मी आमच्या क्लोन्सिला स्टेशनला त्याच गाडीत चढतो. रेनकोट घ्या. नाही नाही, छत्री नको, छत्री इथे टिकत नाही." पलीकडे असायचं कुणीतरी नुकतं आलेलं जोडपं, पुण्याचं, ठाण्याचं, कधी आमच्या नागपूरचं. इथे उतरून आठवडा झाला की मराठी मंडळातलं कुणीतरी त्यांना बाबाचा नंबर द्यायचं. आणि मग बाबा त्यांना शहर दाखवायचा. पैसे घ्यायचा नाही, उलट जेवायला घरी घेऊन यायचा. या सगळ्या प्रकाराला त्यानं स्वतःच नाव ठेवलं होतं, काळडोह-दर्शन.

इतिहासाशी त्याचा तसा काडीचा संबंध नव्हता. तो चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. दिवसभर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, डोळे तेवढे उघडे. आम्ही आलो त्या पहिल्या हिवाळ्यात भाड्याच्या घराचं हीटिंग नीट चालत नव्हतं, म्हणून शनिवारी तो लायब्ररीत जाऊन बसायचा. ऊब फुकट, आणि ऊब घेत बसायचं तर हातात पुस्तक हवं, म्हणून त्यानं समोरच्या कपाटातलं पहिलं काढलं. ते निघालं डब्लिन शहराच्या इतिहासाचं. तिथून जे वेड लागलं ते लागलंच. त्याचं दर्शन सुरू व्हायचं ते कॅसलच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या, मागच्या गोल बागेत. सगळ्यांना हिरवळीवर उभं करायचा आणि म्हणायचा, "आत्ता तुम्ही पाण्यात उभे आहात. इथे डोह होता, काळ्या पाण्याचा. उत्तरेकडून होड्या घेऊन दरोडेखोर आले, त्यांनी काठावर तळ ठोकला. मग दुकानं टाकली, मग इथल्याच पोरींशी लग्नं केली. डब्लिन म्हणजे काळा डोह. आपल्याकडे असतं तर गावाचं नाव काळडोह बुद्रुक झालं असतं. आणि लक्षात ठेवा, पहिले डब्लिनकर कोण? तर बाहेरून आलेले. ऑफिसात कुणी काही बोललं तर कामाला येईल." लोक हसायचे. तो प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा खूश व्हायचा.

लहान होते तोवर मीही जायचे, म्हणजे शेवटी मिळणाऱ्या आइस्क्रीमसाठी जायचे. मग एका रविवारी, मी आठवी-नववीच्या वयाची असताना, मोठ्या पोस्ट ऑफिससमोर बाबा हात पसरून सांगत होता. इंग्रजांविरुद्ध उठलेले बंडखोर आत शिरले, सहा दिवस इमारत धरून बसले, तोफांनी सगळा रस्ता जाळला, वगैरे. आवाज हा एवढा, आणि तोही मराठीत. माझ्या वर्गातल्या तीन मुली समोरून आल्या. मी सरळ रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या दुकानाच्या काचेत बघत उभी राहिले, जशी काही मी त्याला ओळखतच नाही. मुली गेल्या. मी परत आले तेव्हा बाबानं गोष्ट मध्येच थांबवलेली होती आणि पुन्हा तिथून सुरू केली. त्यानं पाहिलं होतं हे मला माहीत होतं. त्यानंतर मी गेले नाही. तोही मागे लागला नाही, फक्त अधूनमधून विचारायचा. नवीन काही वाचलं की जेवताना सांगायला लागायचा. मी ताटाशेजारी फोन ठेवून कानात इअरफोन घालायचे आणि मान हलवायचे. आज माझ्याच केसांत काळ्यापेक्षा पांढरं जास्त आहे, आणि त्या मान हलवण्याची लाज अजून जात नाही.

लीव्हिंग सर्टची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. लीव्हिंग म्हणजे इथली बारावी. त्या रविवारी पाऊस होता आणि दोनच माणसं आली होती. बाबा माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. "चल गं आज. दोघंच आहेत, एकट्याला कंटाळा येतो. दोन तासांत परत." मी मान वर न करता इंग्रजीत म्हटलं की बाबा, प्लीज, मला खरंच वेळ नाही. तो मराठीत बोलायचा, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आमचं असंच होतं. "बरं बरं, कर अभ्यास," म्हणाला आणि गेला. संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून लवकर झोपला. सोमवारी सकाळी बाथरूममध्ये पडला. डोक्यात रक्तस्राव झाला होता. ब्युमॉन्ट हॉस्पिटलला नेलं, दोन दिवस मशीनवर होता, आणि बुधवारी दुपारी एका डॉक्टरीण बाईंनी आम्हाला छोट्या खोलीत बसवून, खुर्ची आमच्या अगदी जवळ ओढून सांगितलं.

मला रडू आलं नाही. इथे खोटं लिहिण्यात काय अर्थ आहे? मी कॉरिडॉरमध्ये गेले, मशीनमध्ये नाणी टाकली आणि चीज-अनियनचे क्रिस्प्स, म्हणजे वेफर्स, काढून पाकीट पूर्ण संपवलं, तळाचा चुरासुद्धा. मला भूक लागली होती. आई त्या छोट्या खोलीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती, बसची वाट बघत असावी तशी. तीही रडली नाही. दोन दिवस ती "हो", "नाही" आणि "पाणी दे" याशिवाय काही बोलली नाही.

बोलले ते मोठेकाका, बाबाचे थोरले भाऊ, नागपुरातून, दर दोन तासांनी. "पोरी, काय करून राहिले तुम्ही तिकडे? आईला फोन दे. बरं, नसंल बोलत तर तू ऐक. त्याला इकडे आणायचं. आठ दिवस लागो का दहा. आपल्या माणसाला परक्या मुलकात जाळत नसतात. आन् तुम्ही दोघी बी संगं या. वरची खोली रिकामीच हाय. आता काय ठेवलं हाय तिथं?" माणूस वाईट नव्हता. फोनवर मध्येच त्यांना हुंदका यायचा आणि ते फोन काकूकडे द्यायचे. पण त्यांचं ऐकताना मला स्वच्छ कळत होतं की बाबाला नेलं की आम्ही जाणार, आणि गेलो की परत येणार नाही. परीक्षा नाही, कॉलेज नाही, हे घर नाही. बाप गेलेला आणि मी लीव्हिंगचा विचार करत होते. स्वतःची किळस येण्याइतकंही तेव्हा आत काही हलत नव्हतं. निर्णय आईनं घ्यायचा होता, आणि आई बोलत नव्हती. विमानाचं ठरवायचं तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर इथल्या दहनासाठी शनिवारी सकाळी दहाची वेळ धरून ठेवतो, असं अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या माणसानं सांगून ठेवलं होतं.

अशात गुरुवारी सकाळी नोरा दारात आली. सत्तरीची, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेला, एकटीच राहायची. तिनं विचारलं, "त्याला घरी आणणार ना? लोकांनी आलेलं चालेल?" आता आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला काय म्हणतात? "हो, या ना, कधीही या." मी तेच म्हटलं, इंग्रजीत, पण मनातून आपल्या पद्धतीनं. आपल्याकडे त्याचा अर्थ काहीच नसतो. या म्हटलं की लोक बरं म्हणतात आणि येत नाहीत. नोरानं माझा हात दाबला, "गुड गर्ल" म्हणाली आणि गेली. तिनं त्या व्यवस्थेवाल्या माणसाला फोन केला, त्यानं आईला विचारलं, आई म्हणाली "हो", आणि दुपारपर्यंत इथले मृत्यू ज्या वेबसाइटवर छापतात तिथे आमच्या बाबाचं नाव आलं. शुक्रवारी दोन ते आठ, राहत्या घरी, सर्वांचं स्वागत. खाली आमचा पत्ता.

शिल्पामावशीनं ते वाचलं आणि ती धावतच आली. ती आईची मैत्रीण, मंडळातली, आमच्याकडे दोन्ही वेळचं पिठलं-भात तिच्याच घरून येत होतं. "अगं बाई, तू काय करून ठेवलंस? ह्यांच्याकडे पेटी हॉलमध्ये ठेवतात आणि सगळा गाव येऊन चहा पितो! सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत आणि तू शंभर माणसांना चहाला बोलावलंस?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मी फक्त या म्हटलं." तिनं कपाळावर हात मारला. मग शुक्रवारी सकाळी नोरा चर्चच्या हॉलमधला पाणी उकळायचं मोठं स्टीलचं पिंप घेऊन हजर झाली, चाकाच्या ट्रॉलीवर ठेवून. शिल्पामावशीनं ते पुढून-मागून बघितलं, प्लग बघितला आणि ठरवलं की वीज म्हणजे चूल नव्हे, आणि पिंप तर आपलं नाहीच. नोरानं सँडविचेस आणली होती, निम्म्यात हॅम. मावशीनं तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. नोरा "ओ जीझस" म्हणत ते ट्रे उचलून आपल्या घरी पळाली आणि रिकाम्या हातानं परत येऊन आमच्या किचनमधल्या प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, कप काढायला लागली. चूल मात्र तिनं पेटवली नाही. मावशीनं तिच्यावर नजर ठेवली होती.

बाबा हॉलमध्ये होता, सोफा सरकवून केलेल्या जागेत, उघड्या पेटीत. अंगात दिवाळीचा झब्बा, ओठांवर मावशीनं ठेवलेलं तुळशीचं पान. ते पान आमच्या खिडकीतल्या कुंडीतलं, थंडीनं निम्मं मेलेलं होतं. आई भिंतीशी खुर्चीवर. आणि दोन वाजता लोक यायला लागले ते थांबेचनात. गल्लीतले, कारखान्यातले, माझे दोन शिक्षक, ट्रेनमध्ये रोज भेटणारा कुणी एक, आणि मराठी तर सगळेच. आपले लोक पेटीपाशी हात जोडून गप्प उभे राहायचे आणि कोपऱ्यात जाऊन बसायचे. इथले लोक बाबाच्या हातावर हात ठेवायचे, आईचा हात धरायचे, "तुझ्या दुःखात सहभागी आहे" म्हणायचे, चहा घ्यायचे आणि मग उभ्या उभ्या बाबाबद्दल बोलायला लागायचे. मी ट्रे घेऊन फिरत होते. दूध किती, साखर किती, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कारखान्यातला एक दांडगा, लाल चेहऱ्याचा माणूस सांगत होता की बाबा मीटिंगला कायम उशिरा यायचा. "एकदा मी त्याला म्हटलं, सात मिनिटं उशीर झाला. तर हा पठ्ठ्या दारातच उभा राहून सांगायला लागला. इंग्रजांनी कॅसल आमच्या ताब्यात दिला त्या दिवशी आमचा पुढारी असाच उशिरा पोचला, आणि इंग्रज साहेब म्हणाला, सात मिनिटं उशीर केलात. आमचा म्हणाला, आम्ही सातशे वर्षं थांबलोय, तुम्ही सात मिनिटं थांबा. खरं-खोटं देव जाणे. पण मी इथे जन्मलो आणि मला ते नागपूरच्या माणसाकडून कळलं, तेही माझ्याच मीटिंगला उशिरा येऊन!" सगळे खदखदा हसले. पेटीच्या भोवती. शिल्पामावशीनं डोळे मोठे केले. मग नोरा म्हणाली, "मला तर भर पावसात ओढून नेलं होतं त्यानं. आमच्या स्टीफन्स ग्रीन बागेतल्या बदकांपाशी उभं केलं. म्हणाला, नोरा, बंडाच्या आठवड्यात इथे बंडखोर खंदक खणून बसले होते, समोरच्या हॉटेलच्या गच्चीवर इंग्रज. पण दिवसातून दोनदा दोन्हीकडच्या बंदुका थांबायच्या, कारण बागेचा रखवालदार बदकांना खायला घालायला यायचा. सत्तर वर्षं मी त्या बदकांना पाव टाकतेय आणि मला माहीत नव्हतं. ग्रँड माणूस होता." आणि ती तिथेच, चहाची किटली हातात धरून रडायला लागली.

आईनं मान वर केली. शिल्पामावशीला विचारलं, "तू पण गेली होतीस?"

"हो मृणालताई. आम्ही सगळेच गेलोय. आल्या आल्या, पहिल्याच महिन्यात."

आईनं खोलीभर नजर फिरवली, एकेक करून सगळ्यांकडे. "मी नाही गेले," ती म्हणाली.

नऊ वर्षं दर रविवारी ही माणसं शहर बघून, थंडीनं गारठून आमच्या दारात यायची तेव्हा आई आत पोळ्या लाटत असायची. हे कुणाला, मला तर अजिबातच, कधी सुचलं नव्हतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. मोठेकाका. आईनं हात पुढे केला आणि फोन घेतला. "भाऊजी, इथेच करायचं," ती म्हणाली. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं, मला "परक्या मुलकात" एवढंच ऐकू आलं. "भाऊजी, तुम्ही इथे येऊन बघायला हवं होतं, किती माणसं आलीत ते. उद्या सकाळी दहाला. कॉम्प्युटरवर दिसेल तुम्हाला, शिल्पा सांगेल कसं. अस्थी मी स्वतः घेऊन येईन." फोन तिनं मला परत दिला. मला हायसं वाटलं, खूप हायसं. आणि लगेच पुन्हा सगळं सपाट झालं.

लोक गेल्यावर तो व्यवस्थेवाला माणूस आला, काळा कोट, हळू आवाज. उद्या निघताना त्यांना कुठून न्यायचं, असं त्यानं विचारलं. म्हणाला, इथे लोक सांगतात, शाळेवरून, आवडत्या पबवरून, खेळाच्या मैदानावरून. आईनं क्षणभरही विचार केला नाही. "कॅसल. मग नदी. मग मोठं पोस्ट ऑफिस." तो म्हणाला, शहरातून फार फिरून जावं लागेल, वेळ लागेल. आई म्हणाली, "लागू दे. आणि सावकाश."

सकाळी पुढे बाबाची लांब काळी गाडी, मागे आमची, त्यात ड्रायव्हर, आई आणि मी. रस्त्यावर अनोळखी माणसं गाडी बघून थांबत होती, टोप्या काढत होती, छातीवर क्रॉस करत होती. आई काचेला लागून बसली होती, नवं गाव बघणाऱ्यासारखी. कॅसलपाशी तिनं विचारलं, "इथे काय सांगायचा?" मी डोह सांगितला, होड्या सांगितल्या. काळडोह बुद्रुकसुद्धा सांगितलं. ती किंचित हसली. मग गाडी उताराला लागली आणि नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी सिग्नल लागला. डाव्या हाताला, पाण्याच्या पलीकडे, मोठा हिरवा घुमट.

"ते काय आहे?"

आता मला माहीत आहे. स्वातंत्र्याचा तह झाल्यावर पुढच्याच वर्षी भाऊबंदकी झाली, एका बाजूचे त्या कोर्टाच्या इमारतीत शिरले, दुसऱ्या बाजूनं तोफा डागल्या आणि शेजारचा दफ्तरखाना पेटला. कित्येक शतकांचे कागद, जन्ममृत्यूच्या नोंदी, मृत्युपत्रं, खानेसुमारीचे तक्ते, अर्धवट जळून शहरभर उडत राहिले. लोकांच्या अंगणात येऊन पडले. हे मी पुढे कॉलेजात असताना वाचलं, आणि वाचताना आठवलं की बाबानं हे एकदा जेवताना सांगितलं होतं, हातवारे करून, वरून कागद पडताहेत असं दाखवत. हातवारे तेवढे दिसले होते. कानात इअरफोन होते.

पण त्या सकाळी मी आईला म्हटलं, "माहीत नाही." ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, कोर्ट आहे, एवढंच माहीत, सॉरी लव्ह. गाडीत आम्ही तिघं होतो, आणि ज्याला माहीत होतं तो पुढच्या गाडीत होता.

"आई," मी म्हटलं, आणि मराठीत म्हटलं, "गेल्या रविवारी त्यानं मला बोलावलं होतं. मी नाही म्हटलं." सोमवारपासून पहिल्यांदा काहीतरी दुखलं.

आई घुमटाकडेच बघत होती. "मला दर रविवारी बोलवायचा," ती म्हणाली. "मी म्हणायचे, पुढच्या रविवारी येते."

सिग्नल सुटला. पुढची गाडी हलली, आणि तिच्यामागून आमची.